रिकाम्या डोक्याने विचार कसा करणार?

शिक्षणात काय बदलावं असा विषय निघाला की एक वाद हमखास सुरू होतो. एक बाजू म्हणते, सगळी माहिती आता खिशातल्या फोनमध्ये आहे, मग सनावळ्या, सूत्रं आणि व्याख्या डोक्यात कोंबायच्या कशाला? पाठांतर बंद करा, मुलांना विचार करायला शिकवा. दुसरी बाजू म्हणते, पाठांतर गेलं आणि त्याबरोबर बुद्धीची धारही गेली. पूर्वीची माणसं शेकडो ओळी तोंडपाठ म्हणत, हल्लीच्यांना घरच्यांचे फोन नंबरही आठवत नाहीत. पहिली बाजू स्वतःला आधुनिक समजते, दुसरी परंपरेची राखणदार. गंमत अशी की दोघांच्याही मनात स्मृतीचं चित्र एकच आहे: गोदाम. भांडण फक्त माल आपल्या गोदामात ठेवायचा की भाड्याच्या, एवढ्यापुरतंच. विचार करणारा मालक त्या गोदामाबाहेर कुठेतरी बसलेला असतो आणि लागेल तसा माल मागवून घेतो, हे दोन्हीकडे न बोलता मान्य केलेलं असतं.

मुळात घोटाळा आहे तो या चित्रातच. विचार आणि स्मृती अशी दोन वेगळी खाती मनात नसतात. आपण विचार करतो तो बहुतांशी आठवणीत असलेल्या गोष्टी एकमेकींना भिडवून, आणि जे त्या क्षणी डोक्यात नाही ते या झटापटीत भाग घेऊ शकत नाही. त्यामुळे ‘पाठांतर नको, विचार हवा’ ही घोषणा ऐकायला कितीही पुरोगामी वाटली तरी ती ज्या फांदीवर बसली आहे तीच तोडते. ‘पाठांतराने बुद्धी तल्लख होते’ हा दावा तर त्याहून कच्चा आहे. आधी तोच तपासू, कारण तो मोडताना पाठांतराच्या विरोधकांचे सगळ्यात भक्कम मुद्दे आपोआप हाती लागतात.

सरावाने स्मरणशक्ती एकूणच वाढते ही समजूत विल्यम जेम्सने स्वतःवरच तपासून पाहिली होती. १८९०च्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात त्याने ती हकिकत दिली आहे. आधी त्याने व्हिक्टर ह्यूगोच्या एका दीर्घ कवितेतल्या १५८ ओळी पाठ केल्या; त्याला एकूण १३२ मिनिटांच्या आसपास लागली. मग ३८ दिवस तो रोज मिल्टनचं काव्य पाठ करत राहिला. एवढी तालीम झाल्यावर ह्यूगोच्याच पुढच्या १५८ ओळी घेतल्या, तर लागली १५१ मिनिटं. वेळ कमी होण्याऐवजी वाढला! त्या दिवसांत आपण इतर कामांनी थकलेलो होतो, अशी प्रामाणिक पुस्तीही त्याने जोडली आहे. एका माणसाचा प्रयोग म्हणून तो सोडूनही देता येईल. पण पुढे थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्ये पद्धतशीर तपासणी केली, तेव्हाही एका प्रकारच्या सरावाचा फायदा दुसऱ्या प्रकारात फारसा उतरत नाही असंच दिसलं. सगळ्यात बोलका पुरावा आला १९८० मध्ये. एरिक्सन, चेस आणि फलून यांनी एका विद्यार्थ्याला आकड्यांच्या माळा ऐकून परत म्हणायचा सराव दिला. सुरुवातीला तो इतर कोणाहीसारखा सातेक आकडे म्हणू शकत होता. दोनशेहून अधिक तासांच्या सरावानंतर तो सलग ७९ आकडे म्हणू लागला. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं ऐकवली. गाडी परत सहा अक्षरांवर! त्याची स्मरणशक्ती वाढलीच नव्हती. तो धावपटू होता. ऐकलेल्या आकड्यांतून तो शर्यतींच्या वेळा बनवत होता, आणि अक्षरांच्या शर्यती नसतात.

म्हणजे स्मृती हा व्यायामाने फुगणारा स्नायू नाही. ‘काहीही पाठ करा, मेंदू तरतरीत होतो’ असं म्हणणाऱ्यांनी हा पुरावा एकदा नीट पाहावा. त्यांना आणखी एक उदाहरण द्यावंसं वाटतं. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी सोलोमन शेरेशेव्स्की या माणसाचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्याला एकदा दाखवलेली शब्दांची यादी पंधरा वर्षांनीही आठवायची. पण गोष्ट वाचताना शब्दागणिक इतकी दृश्यं डोळ्यांपुढे उभी राहायची, की गोष्टीचा आशय निसटून जायचा. चेहरे लक्षात ठेवणंही त्याला अवघड जाई, कारण भाव बदलला की त्याच्या लेखी चेहराच बदलत असे. अफाट आठवण आणि चांगला विचार यांचं नातं सरळ नाही, याला याहून ठळक पुरावा कोणता हवा?

पाठांतरविरोधकांचा सगळ्यात जोरदार साक्षीदार अजून बाकी आहे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन काही काळ ब्राझीलमध्ये शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांना प्रकाशाच्या ध्रुवीकरणाच्या, म्हणजे प्रकाशलहरींची कंपनं एकाच दिशेत येण्याच्या, व्याख्या अचूक पाठ होत्या. परावर्तित प्रकाश कोणत्या कोनात ध्रुवीकृत होतो, विचारताक्षणी उत्तर तयार. पण समोर दिसणाऱ्या समुद्राच्या पाण्यावरून आलेला प्रकाश हेसुद्धा परावर्तनच आहे, आणि हातातल्या पोलरॉइडच्या, म्हणजे एकाच दिशेतली कंपनं आरपार जाऊ देणाऱ्या, पट्टीतून तो पाहिला तर वाक्याचा अर्थ डोळ्यांनी दिसेल, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. वाक्य वाक्याला जोडलेलं होतं, जगाला नव्हतं. अशा पोपटपंचीला ज्ञान म्हणणं कठीण आहे आणि तिच्यावर वर्षं घालवणं हा मुलांवर अन्याय आहे, हे मला पूर्ण मान्य आहे.

इथवर पाठांतरविरोधक जिंकले असं वाटेल. पण त्यांनी यावरून काढलेला निष्कर्ष पाहा: निर्जीव पाठांतर वाईट, म्हणून डोक्यात माहिती असणंच अनावश्यक. हे कुठून आलं? ब्राझीलच्या त्या विद्यार्थ्यांना ध्रुवीकरणाबद्दल काहीच पाठ नसतं, तर समुद्राकडे पाहून त्यांना अधिक समजलं असतं का? त्यांच्या ज्ञानात कमतरता होती ती जोडण्यांची. ती भरून काढायचा उपाय ज्ञान काढून टाकणं हा कसा असू शकेल?

आता विचार प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहू, कारण या वादात ते कोणी पाहतच नाही. एखाद्या क्षणी आपण मनात धरून ठेवू शकतो अशा गोष्टी फार थोड्या असतात. जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये हा आकडा सातच्या आसपास धरला होता. २००१ मध्ये नेल्सन कोवनने पुरावे पुन्हा तपासून तो चारच्या आसपास आणला. चार! चार गोष्टी हातात धरून माणूस कादंबऱ्या लिहितो, पूल बांधतो, रोगाचं निदान करतो. हे कसं जमतं? याचं उत्तर बुद्धिबळाच्या पटावर सापडलं. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट स्वतः उत्तम खेळाडू होता. निष्णात खेळाडू साधारण खेळाडूपेक्षा कितीतरी पुढच्या चाली मोजत असतील अशी सर्वांचीच कल्पना होती. तसा फरक त्याला फारसा दिसलाच नाही. दिसलं ते वेगळंच: चालू डावातली स्थिती काही सेकंद दाखवून झाकली, तर निष्णात खेळाडू जवळजवळ सगळा पट पुन्हा मांडून दाखवायचा आणि साधारण खेळाडू बराच मागे पडायचा. १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी त्यात एक कळीची भर घातली. तेच मोहरे त्यांनी पटावर कसेही विखरून ठेवले. निष्णातांची आघाडी जवळपास संपली. त्यांची नजर तीक्ष्ण नव्हती की तात्पुरती स्मृती मोठी नव्हती. हजारो डावांतून ओळखीच्या झालेल्या रचना त्यांच्या दीर्घकालीन स्मृतीत होत्या. नवशिक्याला जिथे सहा मोहरे दिसत तिथे त्यांना एकच ओळखीचा गट दिसे. चार जागांची मर्यादा त्यांनाही होती, फक्त त्यांच्या एकेका जागेत सबंध रचना बसत होती.

पाढे पाठ का हवेत, याचं उत्तर इथे आहे. सात आठे छप्पन्न हे यंत्रावर काढता येतंच, पण बीजगणितातल्या पाच पायऱ्यांच्या उदाहरणात प्रत्येक पायरीला बाहेर जाऊन छप्पन्न घेऊन यायचं म्हटलं, की परत येईपर्यंत उदाहरणाचा धागा सुटलेला असतो. पाठ असलेली गोष्ट मनातली जागा अडवत नाही, उलट मोकळी करते. आणि मोकळ्या झालेल्या जागेतच तो बहुचर्चित ‘विचार’ होतो.

यावर विरोधकांचं एक हुशार उत्तर असतं: आम्हाला विचार करण्याचं कौशल्य शिकवायचं आहे, ते कोणत्याही विषयाला लावता येईल. वाचनकौशल्य, तर्ककौशल्य, चिकित्सक वृत्ती. मजकूर कोणताही असो. असं मजकुराशिवायचं कौशल्य खरंच असतं का? १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीतल्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही जण चाचण्यांप्रमाणे उत्तम वाचक होते, काही कच्चे. दोन्ही गटांत बेसबॉल जाणणारे आणि न जाणणारे होते. वाचून झाल्यावर सामन्यात काय घडलं ते सांगायचं होतं. बेसबॉल जाणणारे कच्चे वाचक, बेसबॉल न जाणणाऱ्या उत्तम वाचकांपेक्षा सरस ठरले. मग ‘वाचनकौशल्य’ म्हणून आपण मोजतो ते नेमकं काय असतं?

तर्काचंही तसंच. पीटर वेसनने १९६० च्या दशकात एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला संख्या असलेल्या चार पत्त्यांचं एक कोडं तयार केलं. ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते’ हा नियम तपासायला कोणते पत्ते उलटावे लागतील? सुशिक्षित प्रौढांपैकीही बहुतेक जण यात चुकतात. १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी हेच कोडं, तोच तर्क, दुसऱ्या वेषात दिला: तुम्ही पोलीस आहात, अल्पवयीन कोणी मद्य पीत नाही ना हे तपासायचं आहे, तर कोणाची चौकशी कराल? बहुतेकांनी बरोबर उत्तर दिलं. त्या दोघांचं स्पष्टीकरण असं की ओळखीचा नियम स्मृतीतले अनुभव जागे करतो आणि उत्तर तिथून येतं. काही संशोधक याचं श्रेय सामाजिक नियम मोडणारा ओळखण्याच्या आपल्या स्वभावाला देतात. तो वाद मिटलेला नाही. पण तर्क हा मजकुरापासून अलग काढून डबाबंद करता येतो, या समजुतीला दोन्ही स्पष्टीकरणांत जागा नाही.

मग प्रतिभेचं काय? ती तरी स्मृतीपासून मुक्त असते ना? रामानुजनची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आजारी रामानुजनला भेटायला आलेला हार्डी म्हणाला, माझ्या टॅक्सीचा क्रमांक १७२९ होता, अगदीच नीरस संख्या. रामानुजन ताडकन म्हणाला, मुळीच नाही, दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. एक आणि बाराचा घन, किंवा नऊ आणि दहाचा. आपण ही गोष्ट क्षणात झालेल्या चमत्काराची म्हणून सांगतो. पण हे नातं रामानुजनच्या वह्यांत आधीच नोंदलेलं होतं; अशा संख्यांशी त्याची जुनी ओळख होती. हार्डीही थोर गणिती, त्याच्यापुढेही तीच संख्या होती. ज्याच्या मनात ती आधीपासून वावरत होती त्याला ती दिसली. यात रामानुजनची प्रतिभा कमी होत नाही, प्रतिभेचा पत्ता मात्र कळतो.

आता ‘हवं तेव्हा शोधू’ या युक्तिवादाकडे वळू. प्लेटोच्या एका संवादात मेनो सॉक्रेटिसला पेचात पकडतो: जे तुला मुळीच माहीत नाही ते शोधणार कसं, आणि समोर आलं तरी हेच ते, हे ओळखणार कसं? अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा प्रश्न शोधयंत्राच्या रिकाम्या चौकटीपुढे बसलेल्या प्रत्येकाला लागू आहे. काय टाइप करायचं हे स्मृती ठरवते. आलेल्या दहा उत्तरांतलं कोणतं भंपक, हेही तीच ठरवते. १९८० मध्ये मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी केलेला प्रयोग मला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. कोडं जुनं होतं: पोटात गाठ आहे, तीव्र किरणांनी ती नष्ट होईल पण वाटेतली निरोगी ऊतीही जळेल, सौम्य किरणांनी काहीच होणार नाही, काय कराल? उत्तर असं की अनेक दिशांनी सौम्य किरण सोडून ते गाठीवर एकत्र आणायचे. हे दहातल्या एखाद्यालाच सुचतं. प्रयोगात काही जणांना आधी एक गोष्ट वाचायला दिली होती: किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटांवर सुरुंग पेरलेले, मोठी फौज गेली तर उडतील, म्हणून सेनापती फौजेच्या लहान तुकड्या करून वेगवेगळ्या वाटांनी पाठवतो. उत्तर या गोष्टीत धडधडीत होतं. तरी ती वाचलेल्यांपैकीही आपणहून उत्तरापर्यंत पोहोचले ते दहातले साधारण तीनच. ‘मघाची गोष्ट उपयोगी पडेल’ एवढं म्हटल्यावर मात्र दहातल्या सात-आठ जणांना उत्तर आलं.

हा प्रयोग दोन्ही बाजूंना अडचणीत आणतो, म्हणून मला आवडतो. पाठांतरवाद्यांनो, गोष्ट डोक्यात असणं पुरेसं नाही. तिचा गाभा उमगलेला नसेल तर ती वेळेला उठून येत नाही. आणि शोधवाद्यांनो, काही मिनिटांपूर्वी वाचलेली गोष्टसुद्धा सातांना आठवली नाही, तर कधीच न वाचलेली गोष्ट ते शोधयंत्रात कोणत्या शब्दांनी शोधणार होते? गाठ आणि किरणांवर शोध घेणाऱ्याला सेनापती सापडत नाही.

शिवाय बाहेरचं ज्ञान स्वतःचं वाटू लागतं, हा वेगळाच धोका. येल विद्यापीठात फिशर, गोडू आणि काइल यांनी २०१५ मध्ये दाखवलं की काही प्रश्नांची उत्तरं इंटरनेटवर शोधलेली माणसं, पुढे संबंध नसलेल्या विषयांतही आपल्याला जास्त कळतं असं समजू लागतात. इथे उलट्या बाजूच्या घाबरटपणालाही आवर घातला पाहिजे. शोधयंत्रांमुळे स्मृती दुबळी होते असं सांगणाऱ्या २०११च्या एका गाजलेल्या शोधनिबंधाचे दाखले सारखे दिले जातात. त्यातल्या एका प्रयोगाची २०१८ मध्ये पुनरावृत्ती करून पाहिली तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. फोनमुळे मेंदू सडला वगैरे भाषेला आज पुराव्याचा आधार नाही. माझा मुद्दा मेंदू सडण्याचा नाहीच. मेंदू ठणठणीत आहे. त्याला काम कशावर करायचं ते दिलं जात नाही, हा मुद्दा आहे.

एव्हाना कोणीतरी प्लेटोचाच दुसरा संवाद माझ्यावर उलटवेल. त्यात थ्यूथ नावाचा देव लिपीचा शोध लावतो आणि थामस राजा त्याला बजावतो, यामुळे लोकांच्या आत्म्यात विस्मरण शिरेल, ते शहाणे नसून शहाणे भासतील. आपल्याकडच्या सुभाषितातही पुस्तकातली विद्या आणि दुसऱ्याच्या हाती गेलेलं धन एकाच माळेत ओवलं आहे, वेळ आली की दोन्ही कामाला येत नाहीत. पण लेखन आलं आणि माणूस मूर्ख झाला नाही. उलट गणित, विज्ञान, इतिहास सगळं लेखनामुळेच फळलं. थामसची भीती खोटी ठरली, मग आजची का खरी मानायची? शिवाय ही तक्रार आपल्यापर्यंत पोहोचली तीही प्लेटोने लिहून ठेवली म्हणूनच. सॉक्रेटिसने स्वतः तर एक ओळ लिहिली नाही.

मुद्दा चांगला आहे, आणि लेखनाच्या बाबतीत मी तो मान्य करतो. पण लेखनाने नेमकं काय केलं ते पाहा. ग्रंथ कपाटात ठेवून कोणी विद्वान झालं नाही. तो वाचावा लागे, आणि वाचताना त्यातलं बरंच डोक्यात उतरत असे. लेखनाने स्मृतीला नवं खाद्य पुरवलं. आजचा प्रस्ताव वेगळा आहे. वाचण्याचीही गरज नाही, प्रश्न विचारा आणि तयार निष्कर्ष घ्या, असं आपल्याला सांगितलं जातंय. थामसला उत्तर देताना ज्यांनी ग्रंथालयं उभारली त्यांचा दाखला, ग्रंथालयाची गरज नाही म्हणणाऱ्यांनी द्यावा, याला काय म्हणावं?

एक आक्षेप याहून खोल जाणारा आहे. माणसाची स्मृती विश्वासार्ह नाही, यंत्राची आहे. मग निकृष्ट साधन का वापरायचं? पुरावा भरपूर आहे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा दिली होती. पुन्हापुन्हा सांगताना त्यातल्या ‘कनू’ नावाच्या अरुंद होड्या साध्या नावा झाल्या, सीलची शिकार मासेमारी झाली, भुताखेतांचे न पटणारे भाग गळून गेले. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी मोटारींच्या अपघाताची फीत दाखवून वेग विचारला. ‘आदळल्या तेव्हा’ असा जोरकस शब्द वापरला की सांगितलेला वेग वाढायचा. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? साधा शब्द ऐकलेल्या पन्नासांपैकी ७ जण हो म्हणाले, जोरकस शब्द ऐकलेल्या पन्नासांपैकी १६. फितीत काच फुटलेलीच नव्हती. न्यायालयात साक्षीवर कोणाचं तरी आयुष्य अवलंबून असतं, तेव्हा ही गोष्ट भयंकर आहे. हिशेब, औषधाचं प्रमाण, विमानाच्या उड्डाणाआधीची तपासणी, अशा ठिकाणी आठवणीवर विसंबणं हा गुन्हाच मानावा. तिथे कागद हवा, यंत्र हवं.

पण ही पुनर्रचना म्हणजे निव्वळ बिघाड आहे का? कॅनडातले मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्विंग यांनी के. सी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्णाचा अभ्यास केला. १९८१ मधल्या मोटारसायकल अपघाताने त्याच्या मेंदूला इजा झाली होती. जगाबद्दलची माहिती, भाषा, बुद्धिबळाचे नियम सगळं शाबूत. पण स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग त्याला आठवत नसे. टुल्विंगनी त्याला एक साधा प्रश्न विचारला: उद्या काय करणार आहेस? त्याला काहीच सांगता आलं नाही. उद्याचा विचार करताना मन कोरं असतं, कालचा करतानाही तसंच कोरं असतं, असं त्याने सांगितलं. २००७ मध्ये लंडनच्या डेमिस हसाबिस, एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पस या आठवणी घडवणाऱ्या मेंदूतल्या भागाला इजा झालेल्या पाच रुग्णांना काल्पनिक दृश्यं रंगवायला सांगितली, उदाहरणार्थ, तुम्ही पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर पहुडला आहात. बहुतेकांना तुटक तुकड्यांपलीकडे जाता आलं नाही. मागचं आठवण्याची आणि कधीच न घडलेलं कल्पण्याची यंत्रणा बऱ्याच अंशी एकच आहे. आठवण तुकड्यांतून नव्याने जुळवली जाते म्हणून तिच्यात चुका शिरतात, आणि म्हणूनच तेच तुकडे वेगळ्या तऱ्हेने जुळवून न घडलेल्या गोष्टीही उभ्या करता येतात. यंत्रासारखी अचूक स्मृती हवी म्हणणाऱ्यांनी शेरेशेव्स्कीकडे पुन्हा एकदा पाहावं. (जाता जाता: हे हसाबिस पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेत गेले, डीपमाइंडच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरीही. यंत्राची बुद्धी घडवायला निघालेला माणूस आधी माणसाच्या स्मृतीत शिरला होता.)

कोणी हेन्री मोलेसनचं नाव काढेल. १९५३ मधल्या मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नवीन काहीच लक्षात राहत नसे, तरी बुद्धिमापन चाचणीत तो सर्वसामान्यांइतकाच चांगला होता. मग विचाराला स्मृती लागत नाही हे सिद्धच झालं ना? नाही. त्याला लागणारे शब्द, संख्या, जगाची समज हे सगळं शस्त्रक्रियेपूर्वी सत्तावीस वर्षं डोक्यात जमलेलं होतं. तो त्याच शिदोरीवर विचार करत होता. ती जमण्याआधीच मुलांना पाठांतरातून मुक्त करा, असं सांगणाऱ्यांना त्याचं उदाहरण उपयोगाचं नाही.

मग डोक्यात घालायचं ते कसं? घोकून नक्कीच नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला, दुसऱ्याबाबत पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं होतं: पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यातलं ५६. याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगातली मला अधिक विचार करायला लावणारी गोष्ट ही, की पुनःपुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाटत होता. नजरेखालून गेलेलं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं. रात्रभर घोकणाऱ्या मुलाची फसगत इथेच होते. आणि चटकन शोधून वाचणाऱ्याचीही इथेच होते, हे मात्र कोणी बोलत नाही. दोघांनीही पान मिटून स्वतःला विचारलेलं नसतं.

असं मिटून आठवायचं म्हटलं की मनातल्या जोडण्या तपासल्या जातात. ध्रुवीकरणाची व्याख्या आठवा म्हटलं तर पोपट होईल. ती कुठे कुठे दिसेल ते आठवा म्हटलं तर समुद्र समोर येईल. दोन्ही आठवणंच आहे. परीक्षेत काय विचारायचं हे ठरवणाऱ्यांच्या हाती हा फरक आहे, मुलांच्या नाही. अभ्यासक्रमातून माहिती कापून ‘विचारकौशल्या’चे तास वाढवायला निघालेल्यांना एवढंच विचारायचं आहे, की त्या तासाला मुलं विचार करतील तो कशाबद्दल? नद्यांबद्दल, की नद्यांचं एकही नाव न घेता ‘समस्या’ नावाच्या एखाद्या अमूर्त वस्तूबद्दल? यंत्राने दिलेल्या उत्तरात नदी चुकीच्या समुद्राला जाऊन मिळत असेल, तर त्या वर्गातल्या कोणाला ते खटकेल?